हाताला लागतो तो थर

गाडीच्या लेदर सीटवर तुम्ही हात ठेवता तेव्हा हाताला चामडे लागत नाही. लागतो तो पॉलियुरेथेनचा एक पातळ, पारदर्शक थर. त्याखाली रंगाचा थर, त्याखाली रंगाला धरून ठेवणारा आणखी एक थर, आणि मग कुठे गाईबैलाचे कमावलेले कातडे. गाडी पंचवीस लाखांची असो की ऐंशी लाखांची, आज कारखान्यातून निघणाऱ्या बहुतेक लेदर सीटची हीच रचना असते. खालचे चामडे सव्वा मिलीमीटरच्या आसपास जाड. वरचे सगळे थर मिळून मिलीमीटरच्या शतांशांत मोजावे लागतील इतके पातळ.

या पुस्तकातला जवळजवळ प्रत्येक सल्ला या एका वस्तुस्थितीतून निघालेला आहे, म्हणून ती आरंभीच सांगितली. सीट साफ करायची म्हणजे हा थर साफ करायचा. सीट जपायची म्हणजे हा थर जपायचा. सीट ‘गेली’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा गेलेला असतो तो हाच थर, आणि ‘नवी करून देतो’ असे कुशनवाला म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा हाच थर पुन्हा चढवून देत असतो. बाजारातल्या लेदर कंडिशनरच्या बाटल्यांवर मात्र वेगळेच लिहिलेले असते. लेदर जिवंत असते, त्याला श्वास घ्यावा लागतो, त्याला दर महिन्याला पोषण हवे. ज्या जनावराचे ते कातडे होते ते केव्हाच मेले आहे, आणि श्वास घेण्याची गरज आता फक्त सीटवर बसणाऱ्याला उरली आहे.

वरच्या थराचे महत्त्व कळायला खालचे चामडे कसे तयार होते ते थोडे पाहावे लागते. कातडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे गुंतलेले जाळे. ते ओले राहिले तर कुजते, नुसते वाळवले तर कडक होऊन मोडते. कमावणे म्हणजे त्या तंतूंना अशा पदार्थांनी बांधून टाकणे की जंतूंना ते खाता येऊ नयेत आणि वाळल्यावरही ते लवचीक राहावेत. महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात झाले. दक्षिणेकडे तरवडाची सालही वापरली गेली. कोल्हापुरी चपलेचे चामडे आजही याच पद्धतीचे. त्या चपलेला 2019 साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील काही जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले. हे ज्ञान सांभाळले ढोर आणि चांभार समाजांनी. गावाने त्यांच्या हातची मोट वापरली, वहाणा वापरल्या, खोगिरे वापरली आणि त्या हातांना वेशीबाहेर ठेवले. चामड्याची निगा या विषयावर मराठीत लिखित सामग्री इतकी तुटपुंजी का, याचे एक उत्तर मला तिथे दिसते. ज्यांना ठाऊक होते त्यांच्या हाती लेखणी पडू दिली नाही, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी चामड्याला हात लावला नाही.

गाडीतल्या सीटचे चामडे मात्र या सालीच्या पाण्यातले नसते. 1884 साली ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. सालीने जे काम व्हायला आठवडे, कधी महिने लागत, ते क्रोमने एका दिवसावर आणले. शिवाय क्रोमचे चामडे उष्णतेला जास्त टिकते. कच्चे ओले कातडे साठ-पासष्ट अंश सेल्सियसला आकसू लागते, क्रोमने कमावलेले शंभराच्या आसपास टिकून राहते. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीसाठी ही गोष्ट लहान नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोमचे प्रयोग भारतात रुजवले, आणि 1948 साली त्याच शहरात केंद्रीय चर्म संशोधन संस्था उभी राहिली. अलीकडे काही युरोपीय कारखाने क्रोमही टाळून ग्लुटराल्डिहाइडसारख्या रसायनांनी चामडे कमावतात, पण गाडीच्या मालकाला त्यामुळे निगेत फारसा फरक करावा लागत नाही.

कमावल्यानंतरचा टप्पा आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. ओले चामडे मोठ्या फिरत्या पिंपात घालून त्यात पाण्यात फेटलेली तेले सोडतात. ती तंतूंच्या मधोमध जाऊन बसतात आणि वाळल्यावर तंतू एकमेकांना चिकटू देत नाहीत. चामड्याला जे काही ‘पोषण’ मिळायचे ते इथे, आतून, एकदाच मिळते. मग चामडे वाळवतात, वरचे ओरखडे आणि गोचिडांचे डाग घासून काढतात, रंग चढवतात, गरम साच्याखाली दाबून त्यावर रंध्रांची नक्षी उठवतात आणि शेवटी तो पॉलियुरेथेनचा थर देतात. म्हणजे ज्या रंध्रांवर बोट फिरवून आपण ‘अस्सल आहे हो’ म्हणतो, तीसुद्धा पुष्कळदा साच्यातलीच असतात.

आता प्रश्न असा, की फडक्यावर घेऊन चोळलेले कंडिशनर या थरातून आत जाते का? जवळजवळ नाही. ऑइलपेंट मारलेल्या दाराला बाहेरून जवसाचे तेल चोळले तर आतल्या लाकडाला ते जितके पोहोचेल, तितकेच. थोडे शिलाईच्या भोकांतून जाते, थोडे जिथे थराला तडे गेले आहेत तिथून जाते, बाकीचे वर बसते आणि धूळ धरते. मग कंडिशनर निरुपयोगीच का? असेही नाही. पाण्यावर आधारलेले, तेलकट नसलेले चांगले उत्पादन वरच्या थरावर एक बारीक पडदा सोडते. घर्षण कमी होते, सीटची कुरकुर थांबते, जीन्सचा रंग आणि घाम थेट थराला भिडत नाही. मी त्याला पोषण न म्हणता संरक्षण म्हणेन, आणि वर्षातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त त्याची गरज मला दिसत नाही. कंडिशनरवर खर्च होणारा निम्मा पैसा आणि सगळा उत्साह साफसफाईकडे वळवला तर सीट दुप्पट टिकतील, असे म्हणायचा मोह होतो. दुप्पट हा शब्द मागे घेतो, बाकीचे वाक्य राहू दे.

या बाबतीत संग्रहालयांचा अनुभव बोलका आहे. ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत चामडी बांधणीच्या पुस्तकांना लॅनोलिन, मेण, गाईच्या पायाच्या हाडांतून निघणारे तेल यांची मिश्रणे चोळण्याची पद्धत विसाव्या शतकात बराच काळ मान्य होती. पुढे जतन करणाऱ्या तज्ज्ञांच्याच लक्षात आले, की तेलाने चामडे काळवंडते, चिकट होते, पृष्ठभागावर पांढरी मेणचट पुटे येतात, आणि जी झीज थांबवायची ती तर थांबत नाहीच. आज बहुतेक ठिकाणी ही प्रथा सोडून दिली आहे. पुस्तकाच्या बांधणीवर प्लास्टिकचा थरही नव्हता, तरी ही गत. आपल्या सीटवर तर तो आहे.

अपवाद आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत. अ‍ॅनिलिन म्हणतात त्या चामड्यावर नुसता पारदर्शक रंग असतो, वर झाकण जवळजवळ नसते. फार महागड्या गाड्यांत ते किंवा त्याचे अर्धवट झाकलेले रूप मिळते. न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. तो मुरून जागा गडद झाली तर चामडे उघडे आहे. थेंब तसाच उभा राहिला तर वर थर आहे. पण थेंब उभा राहिला म्हणून खाली चामडेच आहे असे मात्र ठरत नाही. रेक्झिनवरही तो उभाच राहतो.

रेक्झिनचा विषय निघालाच आहे तर तो टाळून चालणार नाही, कारण या पुस्तकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या गाडीत प्रत्यक्षात तेच आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीत आणि उत्तरपाड्याच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये आपण वाढलो ते रेक्झिनवर. उन्हात तापलेल्या त्या सीटवर हाफपँट घालून बसल्याची आठवण मांडीला अजून आहे. सरकारी अ‍ॅम्बेसेडरवर पांढरे टॉवेल अंथरलेले असत ते केवळ साहेबीपणासाठी नव्हते, घाम शोषायला त्या सीटवर दुसरे काही नव्हते. आज त्याच कुळातल्या मालाला लेदरेट किंवा आर्ट लेदर म्हणतात. माल पुष्कळ सुधारला आहे, आणि भल्या भल्या जर्मन कंपन्याही तो स्वतःची वेगवेगळी नावे देऊन विकतात. शिवाय ज्या गाडीच्या माहितीपत्रकात ‘लेदर सीट’ लिहिलेले असते, तिच्यातही अनेकदा अंग टेकते तेवढाच भाग चामड्याचा आणि बाजू, पाठ, हेडरेस्टचा मागचा भाग कृत्रिम असतो. नेमके पाहायचे असेल तर सीटच्या मागे किंवा तळाशी असलेली चेन उघडून कव्हरची उलटी बाजू बघावी. चामड्याची आतली बाजू तंतुमय आणि लवदार असते. लेदरेटच्या मागे विणलेले कापड दिसते. लेदरेट निघाले तर वाईट वाटून घेऊ नका. साफसफाईची प्रकरणे तुम्हाला जशीच्या तशी लागू पडतात, आणि कंडिशनरचे प्रकरण पूर्ण वगळता येते.

मोटारीत चामडे आले ते मिरवण्यासाठी आले नव्हते. सुरुवातीच्या अनेक मोटारींच्या बॉड्या घोडागाड्या बांधणाऱ्यांनीच बांधल्या, आणि त्यांच्याकडची रीत गाडीत उतरली. मोठ्या गाड्यांत पुढचा भाग उघडा असे. तिथे ड्रायव्हर ऊनपावसात बसे, म्हणून त्याच्या आसनाला टिकाऊ, पुसता येणारे चामडे. मालक मागे बंद काचांच्या आत बसत, त्यांना उंची लोकरी कापड. चामडे हा नोकराचा माल होता. पुढे गाड्या सगळीकडून बंदिस्त झाल्या, मालक स्वतः चालवू लागले आणि मानमरातब उलटा फिरला. लंडनची कॉनोली ही 1878 सालची पेढी रोल्स-रॉइस, बेंटले, जॅग्वार यांना चामडे पुरवून इतकी नावारूपाला आली, की जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत तिचे नाव इंजिनाच्या बरोबरीने येते. तिचा चर्मोद्योग 2002 साली बंद झाला. आपल्या संस्थानिकांनी मागवलेल्या अनेक गाड्यांत हेच ब्रिटिश चामडे होते. त्या काळच्या चामड्यावर पॉलियुरेथेन नव्हते, नायट्रोसेल्युलोजचे लॅकर होते. ते काळाबरोबर ठिसूळ होते आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात. या तड्यांतून तेल आत जाऊ शकते, आणि कंडिशनरचा सगळा महिमा मूळ याच गाड्यांच्या मालकांत जन्मला. त्यांच्यापुरता तो खोटा नव्हता. चामडे बदलले, थर बदलला, सल्ला तसाच राहिला.

सीटचे नुकसान कोण करते, याची यादी मोठी आहे. त्यातले जे आपल्याकडे विशेष, त्यावर पुस्तकात जास्त पाने खर्च केली आहेत. पहिला क्रमांक अर्थात बसणाऱ्याचा. आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या दाराने आत शिरतो, म्हणून त्याच्या सीटचा उजवा उंचवटा सर्वांत आधी झिजतो. दर वेळी आत शिरताना आणि उतरताना पँटचे खिसे, पट्ट्याचे बक्कल, किल्ल्यांचा जुडगा त्याच जागी घासतो. त्यात धुळीचे बारीक कण असतील तर ते पॉलिश पेपरचे काम करतात. आधी वरची चमकविरहित छटा जाऊन जागा तुळतुळीत होते, मग रंग जातो, मग तडा दिसतो. तुळतुळीतपणा हा झिजेचा पहिला दाखला आहे. कारखान्यातून आलेली सीट चकाकत नाही. आपल्याकडे मात्र चकाकते ते स्वच्छ, असा समज इतका पक्का, की गाडी धुणारी मुलेही शेवटी सिलिकॉनचा फवारा मारून सीट चमकवून देतात आणि मालक खूश होऊन टीप देतो. मग पहिल्याच वळणावर घसरतो.

दुसरे, डोक्याचे तेल. खोबरेल, आवळा, बदाम, जे असेल ते. हेडरेस्टवर आणि पाठीच्या वरच्या भागावर ते रोज थोडे थोडे बसते. तेल आणि घाम मिळून थराला वर्षानुवर्षे मऊ करत जातात, आणि एके दिवशी तिथला रंग नखाने निघू लागतो. याला औषध नाही. वरचेवर ओलसर फडक्याने पुसणे हाच प्रतिबंध. तिसरे, जीन्स. आपल्याकडे फिकट बेज रंगाच्या सीटचे वेड अनेक वर्षे टिकले आणि नव्या जीन्सचा निळा रंग त्या बेजवर उतरत राहिला. ताजा असताना तो क्लीनरने निघतो. महिनाभर उन्हात राहिला की थरात शिरतो आणि मग रंग दिल्याशिवाय जात नाही.

हळदीची गंमत वेगळी. भज्यांचा, मिसळीच्या रश्श्याचा डाग पडला की माणूस घाईने साबण लावतो आणि पिवळा डाग लाल होतो. हळदीतला कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की लाल होतो. हळदीपासून कुंकू करण्यामागे हीच क्रिया आहे. घाबरू नये. तेल काढावे, साबणाचा अंश पुसून घ्यावा आणि उरलेला डाग उन्हावर सोपवावा. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. सीटला ऊन दाखवा असे या पुस्तकात मी फक्त याच एका ठिकाणी म्हटले आहे.

कारण एरवी ऊन हा शत्रूच. विदर्भात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा बंद गाडीत काचेतून थेट ऊन पडणारी जागा सत्तर अंशांच्या पुढे सहज तापते. चामड्यातला ओलावा कमी होतो, ते किंचित आकसते, शिलाईवर ताण येतो. सावलीत गाडी लावणे आणि पुढच्या काचेला आतून पडदा लावणे, यांची बरोबरी कुठल्याही बाटलीतले द्रव्य करू शकत नाही. कोकणात आणि गोव्यात गणित उलटे. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर बंद राहिलेल्या गाडीत हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांहून जास्त असते, आणि सीटवर साचलेला घाम व तेल हे बुरशीचे जेवण. स्वच्छ सीटवर बुरशी क्वचितच येते. गणपतीला चाकरमानी गावी जातात तेव्हा ओल्या छत्र्या, चिखलाचे पाय, फुलांच्या पिशव्या आणि आठ माणसांचा घाम गाडीत साठतो. परत आल्यावर गाडी तशीच बंद करून ठेवली, की दसऱ्याला पांढरे ठिपके दिसतात. बुरशी आली तर गाडी बाहेर, वाऱ्यावर न्यावी, तोंडाला मास्क बांधून कोरड्या ब्रशने झाडावी, मग पुसावे. आत बसून झटकली तर तिचे बीजाणू गालिच्यात आणि एसीत जाऊन बसतात. आणि नव्या गाडीच्या सीटवरचे प्लास्टिक आधी काढावे. ते मिरवायला ठीक. पण त्याखाली ओल अडकते.

साफसफाईची कृती तशी साधी आहे आणि चौथ्या प्रकरणात सावकाश दिली आहे. इथे तिचे तत्त्व तेवढे सांगतो. आधी कोरडी धूळ काढायची, व्हॅक्यूमला मऊ ब्रश लावून, शिलाईच्या खाचांसकट. धूळ असताना ओले फडके फिरवले तर आपणच घासकाम करतो. मग सौम्य क्लीनर सीटवर न मारता स्पंजवर किंवा मऊ ब्रशवर घ्यायचा, वीतभर जागा साफ करायची, मळ वर आला की मायक्रोफायबरने टिपायचा आणि पुढे जायचे. चामडे स्वभावाने आम्लधर्मी आहे, त्याचा सामू चारच्या आसपास. कपड्याच्या साबणाचा नऊ-दहाच्या घरात. म्हणून धुण्याची पावडर नको. टूथपेस्ट आणि जादूचा म्हणून विकला जाणारा पांढरा स्पंज दोन्ही मुळात घासणारे आहेत. डाग जातो, त्याच्याबरोबर थरही जातो. दुधाची साय, केळीची साल आणि व्हॅसलीन यांच्याबद्दल एवढेच, की ते आपापल्या जागी उत्तम आहेत. बुटाचे पॉलिश लावलेल्या काळ्या सीटवर पांढरा लेंगा घालून लग्नाला निघालेल्या माणसाला वेगळे काही सांगायला नको. 2020 साली लोकांनी स्टिअरिंग आणि हात टेकायच्या जागांवर सॅनिटायझर फवारले, त्यातल्या अल्कोहोलने अनेकांचा वरचा थर चिकट होऊन निघाला. त्या दुरुस्त्या पुढे बराच काळ चालू होत्या.

हवा खेळवणाऱ्या, बारीक भोके पाडलेल्या सीट आता आपल्याकडे लोकप्रिय झाल्या आहेत. त्यांच्यावर पातळ काहीही ओतू नये. भोकांतून ते फोममध्ये, पंख्यात आणि बसणाऱ्याचे वजन ओळखणाऱ्या पट्टीत जाते. क्रीम तर नकोच, ते भोकांत पांढरे होऊन बसते आणि टाचणीने एकेक भोक साफ करण्याची वेळ येते.

दुरुस्तीविषयी लोकांच्या अपेक्षा एका टोकाला ‘काहीतरी लावा आणि तडा बुजवा’ आणि दुसऱ्या टोकाला ‘सगळे काढून नवे शिवा’ अशा असतात. खरे काम या दोहोंच्या मध्ये आहे. तडा म्हणजे तुटलेले तंतू. ते पुन्हा जुळत नाहीत, कुठल्याही तेलाने नाही. पण तडा वरच्या थरापुरता असेल तर जागा तेलमुक्त करून, बारीक कागदाने घासून, लवचीक भरण घालून, मूळ रंगाशी जुळवलेला रंग पातळ हातांनी फवारून आणि वरून नवा पारदर्शक थर देऊन सीट अनेक वर्षे चालते. फाटलेच असेल तर आतून कापडाचे ठिगळ चिकटवून त्यावर हीच क्रिया करतात. सगळ्यात अवघड काम रंग जुळवण्याचे आहे. सीटचा मूळ रंग ऊन आणि मळ यांनी बदललेला असतो, म्हणून आधी पूर्ण साफसफाई, मग रंग. उलट केले तर आपण मळाचा रंग जुळवतो. या कामात गडबड होते ती बहुतेक वेळा तेल नीट न काढल्यामुळे. हेडरेस्टवर दिलेला रंग वर्षभरात सोलून निघाला, तर रंगाला दोष देण्याआधी खालचे खोबरेल आठवावे. आणि बसका झालेला, सुरकुतलेला भाग पाहून चामड्यावर खापर फोडण्याआधी फोम दाबून बघावा. जुन्या गाड्यांत स्प्रिंग आणि काथ्या असे, आता साच्यातला फोम असतो. तो बसला की वरचे कव्हर सैल पडते आणि सुरकुत्या येतात. फोम भरून घेतला की चामडे आपोआप ताणले जाते.

एक गोष्ट मात्र घरी करून बघू नये. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेत बसवलेली असते. तिथली शिलाई ठरावीक ताणाला तुटावी अशा धाग्याने केलेली असते. कुशनवाल्याने प्रेमाने ती ‘मजबूत’ धाग्याने शिवून दिली, किंवा वरून जाड कव्हर चढवले, तर अपघाताच्या क्षणी बॅग वेळेवर बाहेर येणार नाही. चांगले कारागीर हे जाणतात. न जाणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा दर कमी असतो. कव्हर घ्यायचेच तर एअरबॅगच्या जागी मोकळी सोडलेली बाजू असलेले घ्यावे, आणि सीट सोडवायची असेल तर आधी बॅटरीची तार काढून काही वेळ थांबावे, मगच सीटखालच्या जोडण्यांना हात लावावा.

पुराचे पाणी शिरलेल्या गाड्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, याची कारणे मुंबईकरांना 26 जुलै 2005 पासून आणि कोल्हापूर-सांगलीकरांना 2019 पासून सांगावी लागत नाहीत. तिथला मुख्य मुद्दा एवढाच, की भिजलेले चामडे वाचते, घाईने वाळवलेले वाचत नाही. गाळ गोड्या पाण्याने काढावा, सीट गाडीबाहेर काढून सावलीत, पंख्याखाली अनेक दिवस वाळू द्यावी. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवलेल्या सीटमधले तंतू एकमेकांना चिकटतात आणि चामडे कडक होते. अर्धवट ओली असताना ती हाताने हलकेच मळत, ताणत राहिली तर मऊपणा बराच टिकतो. फोम मात्र बहुधा टाकावाच लागतो. त्यातला गाळाचा वास जात नाही.

शेवटचा भाग जुन्या, संग्राह्य गाड्यांचा आहे आणि तो लिहिताना माझे मत इतर अनेकांच्या मताविरुद्ध गेले आहे. कोल्हापूरच्या दसऱ्याला निघणारी छत्रपतींची मेबॅक पाहायला लोक जमतात ते तिच्या वयासाठी. वय दाखवणारी सीट फाडून टाकून तिथे कोरे करकरीत चामडे शिवले, की गाडी सुंदर दिसते आणि तिच्या इतिहासाचे एक पान जाते. परदेशांतल्या नामांकित प्रदर्शनांत मूळ अवस्थेत जपलेल्या गाड्यांसाठी आता वेगळा वर्ग असतो. आपल्याकडे अजून ‘नव्यासारखी’ हीच दाद मिळते. माझे म्हणणे असे, की मूळ चामडे शिलाई धरत असेल आणि बसण्याचे वजन पेलत असेल, तर ते काढू नये. मऊ ब्रशने कोरडी झाडझूड, उन्हापासून आडोसा, हवेशीर जागा आणि सुटलेल्या टाक्यांना जुन्याच भोकांतून नवा धागा, इतके पुरे. जुन्या लॅकरच्या चामड्याला तेल द्यायचेच असेल तर थेंबाथेंबाने, तडे गेलेल्या जागीच, आणि चोवीस तासांनी उरलेले पुसून घ्यावे. ज्यांना तरीही सगळे नवे हवे असेल, त्यांनी काढलेले जुने चामडे कारागिराकडे सोडून येऊ नये. त्याच्या उलट्या बाजूवर पुष्कळदा मूळ पेढीचे शिक्के आणि पेन्सिलीने लिहिलेले आकडे असतात, आणि मापासाठी तेच सर्वांत खात्रीचे असते.